पालक-माठाच्या पानांतले जीवाणू: प्लेटवर आलेली वाढ आतली की बाहेरची?

सूक्ष्म_माटुंगा

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पालेभाज्यांच्या पानांच्या आत राहणारे जीवाणू, म्हणजे एंडोफाइट, वेगळे करायचे आहेत. नमुने दादरच्या बाजारातले: पालक, लाल माठ, समुद्र मेथी आणि अळू. सध्याची कृती अशी:

पाने नळाखाली धुवून एक-एक सेंटिमीटरचे तुकडे केले. ते ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट, लगेच १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (क्लोरीनच्या ब्लीचमध्ये) ५ मिनिटे ठेवले आणि निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खळबळून घेतले. १ ग्रॅम तुकडे ९ मिलि सलाइनमध्ये खलात वाटून ०.१ मिलि न्यूट्रिएंट अगारवर (जीवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) पसरले. ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवले.

पालक आणि माठाच्या प्लेटवर जवळजवळ एकाच तऱ्हेच्या पांढुरक्या, कोरड्या, सुरकुतलेल्या कॉलनी आल्या. समुद्र मेथीची प्लेट बुरशीने भरून गेली. अळूचा तर ताळमेळच नाही, एका प्लेटवर काहीच नाही आणि दुसरीवर मोजता येणार नाही इतके. शेवटच्या धुण्याचे पाणी वेगळे प्लेटवर लावलेले नाही.

याखेरीज पानांतून थेट डीएनए काढून १६ एस या जीवाणू ओळखायच्या जनुकाचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची कृती) केला. बँड जोरदार आला, पण सिक्वेन्स पालकाच्या हरितलवकाचा निघाला.

माझे प्रश्न: जे वाढले ते आतलेच आहे असे कशावरून म्हणायचे? कृतीत नेमके कुठे चुकते आहे? आणि घरून आलेला एक प्रश्न: जीवाणू पानाच्या आत असतील, तर भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपयोग काय?

पेट्रीडिश_परळ

सविस्तर लिहिले आहेत त्यामुळे दोष सापडतात. आधी तुमच्या निकालांचा अर्थ लावू, कृती नंतर.

सुरकुतलेल्या कोरड्या कॉलनी बहुधा बॅसिलसच्या आहेत. बॅसिलसचे बीजाणू (कवचबंद, सुप्त पेशी) पानावर धुळीसोबत येऊन बसतात. ७० टक्के इथेनॉल त्यांना मारत नाही आणि हायपोक्लोराइटलाही ते बराच वेळ दाद देत नाहीत. बाकी सगळे मेले, हे उरले आणि ३७ अंशांवर एका रात्रीत प्लेटभर पसरले, असे घडले असण्याची शक्यता दाट आहे. पडताळा सोपा आहे. वाटलेल्या रसाचा १ मिलि पाण्याच्या बाथमध्ये ८० अंशांना १० मिनिटे ठेवा आणि न तापवलेल्या रसाशेजारी प्लेटवर लावा. दोन्हींचे आकडे सारखे आले, तर तुम्ही बीजाणू मोजता आहात. पानात वाढणाऱ्या, जिवंतपणे वावरणाऱ्या पेशी ८० अंशांत टिकत नाहीत.

अळूची गोष्ट वेगळी. त्याच्या पानावर मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून थेंब गोळी होऊन घरंगळतो. पान द्रावणात बुडवले की पृष्ठभागाला हवेचा पातळ, चंदेरी पडदा चिकटून राहतो आणि त्या पडद्याखालच्या जीवाणूंना क्लोरीन पोचतच नाही. पडदा जिथे फुटला तिथली प्लेट स्वच्छ, जिथे राहिला तिथली भरलेली. हायपोक्लोराइटमध्ये ट्वीन २० (पान ओले करणारा साबणासारखा पदार्थ) ०.१ टक्का घाला आणि चंदेरी चमक जाईपर्यंत पान हलवत राहा. वेळ त्या क्षणापासून मोजायची, बुडवल्यापासून नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी: तुकडे आधी, निर्जंतुकीकरण नंतर. कापलेल्या कडेतून हायपोक्लोराइट पेशींमधल्या पोकळ्यांत शिरते आणि जे शोधायचे त्यालाच मारते. एक सेंटिमीटरच्या तुकड्याला कड भरपूर असते. पान अख्खे, देठासकट घ्या. देठाचे तोंड वितळलेल्या पॅराफिन मेणात क्षणभर बुडवून बंद करा. निर्जंतुक करून झाल्यावर ज्योतीशेजारी, निर्जंतुक पात्याने देठाकडचा भाग आणि जखमी कडा कापून टाका आणि मगच वजन करा. पान चिरलेले, किडीने खाल्लेले असेल तर नमुन्यात घेऊच नका.

आता हायपोक्लोराइट. दुकानातल्या बाटलीवर ४ टक्के लिहिलेले असले तरी आत तेवढे असेलच असे नाही. उष्णतेने आणि उजेडाने क्लोरीन उतरत जातो आणि मुंबईच्या मे महिन्यात उघडी बाटली फार लवकर बसते. म्हणून टायट्रेशन करा: १ मिलि नमुना, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड, मग ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट, शेवटी स्टार्च. थायोसल्फेटचा प्रत्येक मिलि म्हणजे ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन. बाटली खरोखर ४ टक्क्यांची असेल तर साधारण ११.३ मिलि लागतील. तेवढे आले, तर १ टक्क्याच्या १०० मिलिसाठी २५ मिलि हायपोक्लोराइट आणि ७५ मिलि पाणी. कमी आले तर त्या हिशोबाने प्रमाण वाढवा. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा.

यात पीएचचाही भाग आहे. मारण्याचे काम मुख्यतः हायपोक्लोरस ॲसिड करते आणि ते पीएच ७.५ च्या आसपास निम्मे-निम्मे होते. बाटलीतले द्रावण ११ च्या वर असते, तिथे ते जवळजवळ सगळे कमजोर रूपात असते. पातळ केलेल्या द्रावणाचा पीएच सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने ७ च्या जवळ आणला तर थोड्या वेळात काम होते. हे फ्यूम हुडमध्येच, थेंब-थेंब करत. पीएच ५ च्या खाली घसरला तर क्लोरीन वायू सुटायला लागतो. हुड नसेल तर पीएचला हात लावू नका, वेळ वाढवा. आणि इथेनॉलमधून काढलेले पान एकदा निर्जंतुक पाण्यातून काढून मग हायपोक्लोराइटमध्ये टाका. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

किती मिनिटे? तुमची ५ मिनिटे कुठल्या तरी शोधनिबंधातून आली असणार, पण वेळ प्रत्येक पानासाठी स्वतः ठरवावी लागते. एकाच झाडाची पाने ०, १, २, ३ आणि ५ मिनिटे ठेवा. प्रत्येक पानाचे तीन हिशोब घ्या: पानाच्या दोन्ही बाजूंचा अगारवर ठसा, शेवटच्या पाण्याची ०.१ मिलिची प्लेट आणि वाटलेल्या रसाची प्लेट. ठसा आणि पाणी दोन्ही ज्या सर्वांत कमी वेळेला स्वच्छ येतील, ती तुमची वेळ. रसाचा आकडा पहिल्या एक-दोन मिनिटांत झपाट्याने पडतो (बाहेरचे मरतात), मग सपाट होतो, आणि फार ताणले की पुन्हा पडतो, कारण आता आतलेही मरू लागतात. सपाट भागात राहायचे. पालक-माठासारख्या पातळ पानाला १ ते २ मिनिटे आणि अळूला ३ मिनिटे इथून सुरुवात करा.

शेवटच्या धुण्याआधी निर्जंतुक २ टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये ५ मिनिटे, मग पाण्याने पाचदा. थायोसल्फेट नसेल तर पानाला चिकटून राहिलेला क्लोरीन खलात उतरतो, तिथेही जीवाणू मारतो आणि तुम्हाला खोटे शून्य दिसते. तुमच्या अळूच्या रिकाम्या प्लेटचे हेही कारण असू शकते. तपासायचे असेल तर शेवटच्या पाण्यात प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी इ. कोलायच्या मोजून दोनेकशे पेशी सोडा आणि अर्ध्या तासाने प्लेटवर लावा. त्या परत मिळाल्या नाहीत, तर क्लोरीन शिल्लक आहे.

ठसा किंवा पाणी यांवर एकही कॉलनी आली, तर त्या पानाचा निकाल फेकून द्यायचा. 'रसात ८०, पाण्यात १०, म्हणून आतले ७०' अशी वजाबाकी करू नये. पाण्यात किती उतरले यावरून पानावर किती राहिले हे कळत नाही.

वाढवण्याचे माध्यम आणि तापमानही बदला. ३७ अंश हे आपल्या शरीराचे तापमान आहे. पानातल्या जीवाणूंना २८ अंश मानवतात आणि त्यांना घाई नसते. आर२ए (कमी पोषणाचे माध्यम) किंवा एक-दशांश ताकदीचा ट्रिप्टिक सोय अगार घ्या, ५ ते ७ दिवस थांबा, रोज नव्या कॉलनींवर प्लेटच्या मागून वेगळ्या रंगाची खूण करा. गुलाबी मिथायलोबॅक्टेरियम तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतात. २४ तासांनी प्लेट टाकून देणाऱ्याला ते कधीच भेटत नाहीत, आणि पानांवर-पानांत राहणाऱ्यांपैकी ते अगदी नेहमीचे. वाढत्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनमधून मिथेनॉल सुटते आणि पर्णरंध्रांतून बाहेर पडते, त्यावर ते जगतात. खास त्यांनाच पकडायचे असेल तर खनिज क्षारांच्या अगारात ०.५ टक्का मिथेनॉल हाच एकमेव कर्बस्रोत ठेवा.

जुना_मायक्रो

एवढ्या खटाटोपाऐवजी ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड १ मिनिट वापरा की. जुन्या सगळ्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत तेच आहे आणि प्लेट हमखास स्वच्छ येते.

पेट्रीडिश_परळ

@जुना_मायक्रो, प्लेट हमखास स्वच्छ येते हीच अडचण आहे, सर. पारा पानाच्या ऊतींना चिकटून राहतो, पाण्याने सुटत नाही आणि वाटल्यावर रसातल्या जीवाणूंची वाढही रोखतो. स्वच्छ प्लेट म्हणजे आत कोणी नव्हते की पाऱ्याने थोपवले, हे सांगता येत नाही. शिवाय पाऱ्याचे पाणी बेसिनमध्ये ओतता येत नाही, वेगळे साठवून धोकादायक कचऱ्यात द्यावे लागते. विद्यार्थ्यांच्या टेबलावर ते नकोच.

बँड_आणि_जेल

डीएनएच्या भागापुरते लिहितो.

हरितलवकाचे पूर्वज सायनोबॅक्टेरिया. त्यामुळे त्यांच्यातला १६ एस जनुक जीवाणूंच्या इतका जवळचा आहे की २७ एफ आणि १४९२ आर ही प्रायमरांची (प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) नेहमीची जोडी त्याला जीवाणूच समजते. पालकाच्या एका हिरव्या पेशीत शंभराहून जास्त हरितलवके असू शकतात आणि प्रत्येकात जिनोमच्या अनेक प्रती. त्या गर्दीत ग्रॅममागे काही हजार जीवाणू कुठून दिसणार? तुमचा पीसीआर फसलेला नाही, त्याने जे सर्वांत जास्त होते तेच वाढवले.

पानाच्या थेट डीएनएसाठी ७९९ एफ हा प्रायमर वापरा. तो २००१ साली मक्याच्या मुळांतल्या जीवाणूंच्या अभ्यासातून आला आणि हरितलवकाच्या क्रमाशी जुळणार नाही अशा बेताने बेतलेला आहे. १४९२ आर सोबत लावला तर जीवाणूंचा तुकडा ७३५ बेस-जोडांच्या आसपास येतो. तंतुकणिकांचा १८ एसही (त्यांच्यातला तसाच जनुक) वाढतो, पण तो सुमारे १,०९० चा, म्हणून १.५ टक्के अगारोज जेलवर दोन बँड वेगळे दिसतात. खालचा बँड कापून शुद्ध करा. दोन्ही एकत्रच क्लोनिंगला किंवा सिक्वेन्सिंगला दिले तर पुन्हा तोच घोळ. झाडाप्रमाणे वरच्या बँडचा आकार थोडा हलतो, म्हणून पालकाचे निर्जंतुक रोप वाढवून त्याचा डीएनए शेजारच्या लेनमध्ये चालवा.

इथे पृष्ठभाग निर्जंतुक करण्याला दुसरा अर्थ येतो. इथेनॉल पेशी मारते पण त्यांचा डीएनए पानावर तसाच राहतो आणि पीसीआरला मेलेला-जिवंत असा भेद कळत नाही. हायपोक्लोराइट डीएनए तोडतो. म्हणून थेट डीएनए काढायचा असेल तर नुसत्या इथेनॉलवर भागवू नका आणि शेवटच्या पाण्याचाही पीसीआर लावा, प्लेट पुरत नाही.

वेगळ्या केलेल्या कॉलनींसाठी मात्र २७ एफ आणि १४९२ आर हीच जोडी योग्य, तुकडा जवळजवळ १,५०० चा. एक सावधगिरी: ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता मोठी, पण ९९.८ आले म्हणून प्रजाती ठरली असे नाही. बॅसिलस सीरियस आणि बॅसिलस थुरिन्जिएन्सिस १६ एसवरून वेगळे करता येत नाहीत. पँटोआ-एंटरोबॅक्टरच्या घराण्यातही तीच पंचाईत, तिथे गायरेज बी किंवा आरपीओबी जनुक घ्यावे लागते. प्रबंधात 'बॅसिलस सीरियस गट' एवढेच लिहिणे जास्त प्रामाणिक.

वसईचा_मळा

प्रयोगशाळेचे वर आले आहे. मळ्याकडचा आणि बाजाराकडचा भाग राहिला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

बाजारातली जुडी कापल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत तिच्यावर किती वेळा पाणी मारले जाते याचा विचार करा. देठ कापलेला, पान अजून श्वास घेते आहे, ऊन आहे, त्यामुळे पान देठातून पाणी ओढत असते. बादलीतले पाणी जलवाहिन्यांतून थेट पानाच्या शिरांत जाते आणि त्यासोबत बादलीतले जीवाणूही. तुम्ही पृष्ठभाग कितीही काटेकोर निर्जंतुक करा, हे पाहुणे आतच सापडणार. म्हणजे 'आत सापडला' आणि 'आत राहतो' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. पाणी किती वर चढते ते बघायचे असेल तर पालकाचे ताजे कापलेले देठ खाण्याच्या लाल रंगाच्या पाण्यात खिडकीत उजेडात अर्धा-पाऊण तास ठेवा आणि पात्याने आडवे काप घेत वर जा. रंग जिथवर शिरांत दिसतो तिथवर बादली पोचली असे समजा.

म्हणून बाजाराच्या नमुन्यांशेजारी कुंडीतली रोपे ठेवाच. पालक आणि माठ मुंबईच्या गॅलरीतही चार-पाच आठवड्यांत कापणीला येतात. एक कुंडी मातीची, पाणी नळाचे, पाणी बुडाशी घालायचे, पानावर नाही. आणि दुसरीकडे निर्जंतुक केलेले बी निर्जंतुक अगारवर रुजवलेले. त्यातही जीवाणू आले तर ते बियांतून आलेले, आणि येतात, यात आश्चर्य नाही.

झाडावर असताना जीवाणू आत जातात ते पर्णरंध्रांतून, जखमांतून, मुळांना फाटे फुटतात तिथल्या भेगांतून आणि पानाच्या कडेवरच्या जलरंध्रांतून. शेवटच्या वाटेकडे लोक लक्ष देत नाहीत. पहाटे कोबीच्या पानांच्या कडांना जे थेंब लटकलेले दिसतात ते सगळे दव नसते, बरेचसे बिंदुस्राव असतात. ऊन चढले की त्यातला थेंब परत आत ओढला जातो आणि त्यात पडलेला जीवाणूही. कोबी-फुलकोबीच्या घाण्या रोगाचा झँथोमोनास नेमका याच दाराने येतो, म्हणून त्याचा पिवळा डाग पानाच्या कडेपासून मधल्या शिरेकडे इंग्रजी व्हीच्या आकारात सरकतो आणि शिरा काळ्या पडतात. हा बियांतूनही येतो. कोबीचे बी ५० अंशांच्या पाण्यात ३० मिनिटे ठेवतात ते यासाठी. तापमान दोन अंशांनी वर गेले तर उगवण मरते आणि खाली राहिले तर रोग राहतो, त्यामुळे थर्मामीटरशिवाय हा उद्योग करू नये.

नमुना घेण्याबद्दल दोन गोष्टी. एका जुडीतली दहा पाने म्हणजे दहा नमुने नव्हेत, ती एकच जुडी. तीन वेगळ्या विक्रेत्यांकडून, तीन वेगळ्या दिवशी घ्या, आणि पान कोवळे की जून ते लिहून ठेवा. आणि विचारा, भाजी कुठली. वसई-विरारची, वाशीच्या घाऊक बाजारातून आलेली, की रुळांलगतच्या पट्ट्यातली. पाणी विहिरीचे की नाल्याचे यावर आत काय सापडेल ते बरेच ठरते.

समुद्र मेथीला मेणाची युक्ती चालणार नाही, ती बोटभर उंचीची, वाळूत वाढलेली आणि मुळासकट विकलेली असते. मुळे कापून टाका, सौम्य साबणाच्या पाण्यात सात-आठ वेळा खळबळा, तळाशी वाळू बसायची थांबेपर्यंत. वाळूचा कण दलांच्या खोबणीत राहिला तर त्यामागे क्लोरीन जात नाही. एका रोपाचे वजन नगण्य, तेव्हा ५ ग्रॅम रोपे एकत्र करून एक नमुना धरा.

सूक्ष्म_माटुंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढची तुकडी अशीच लावते. तीन शंका उरल्या. विभागात आर२ए नाही, न्यूट्रिएंट ब्रॉथची पूड आहे, तिने भागेल का? बुरशीसाठी काय घालू? आणि शून्य आले तर 'जीवाणू नाहीत' असे लिहिता येईल का?

पेट्रीडिश_परळ

भागेल. ज्या डब्यावर लिटरला १३ ग्रॅम लिहिले आहे त्या ब्रॉथची पूड १.३ ग्रॅम आणि अगार १५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. तयार न्यूट्रिएंट अगारची पूड दहापट कमी करून वापरू नका, त्यात अगारही दहापट कमी होतो आणि प्लेट घट्ट होत नाही.

बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड लिटरला ५० मिलिग्रॅम, गाळून निर्जंतुक केलेले, माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर. ते माणसालाही विषारी आहे, वजन करताना हातमोजे आणि मास्क हवाच. ते नको असेल तर निस्टॅटिन, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, प्लेटवर पिवळसर कण दिसतात आणि नवख्या डोळ्याला ते कॉलनी वाटतात. जीवाणू न लावलेली एक कोरी प्लेट सोबत ठेवा.

शून्याबद्दल हिशोब करा. १ ग्रॅम पान ९ मिलिमध्ये, म्हणजे दहापट पातळ. त्यातले ०.१ मिलि पसरले. ४३ कॉलनी आल्या तर ४३ गुणिले १० गुणिले १०, ग्रॅममागे ४,३००. एक कॉलनी आली तर १००. तेव्हा शून्य म्हणजे 'ग्रॅममागे १०० पेक्षा कमी', एवढेच लिहिता येते. निरोगी पानाच्या आत बहुधा ग्रॅममागे शंभर ते लाखभर इतके वाढवता येणारे जीवाणू मिळतात, त्यामुळे खालच्या टोकाला तुमचे शून्य नुसते हिशोबाचे शून्य असू शकते. मर्यादा १० वर आणायची तर न पातळलेल्या रसाचे १ मिलि चार प्लेटवर पाव-पाव मिलि करून पसरा. आणि 'वाढवता येणारे' हा शब्द प्रबंधातून गाळू नका, अगारवर न येणारेही पुष्कळ असतात.

आणखी एक. ठसा कितीही स्वच्छ आला तरी पर्णरंध्राच्या तोंडाशी, लवेच्या बुडाशी लपलेला जीवाणू ठशाला लागत नाही. म्हणून निष्कर्षात 'पृष्ठभाग निर्जंतुक केल्यावर मिळालेले जीवाणू' लिहा. एंडोफाइट म्हणायचे तर एखादा स्ट्रेन (वेगळा केलेला वाण) हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने खूण करून निर्जंतुक रोपाला द्यावा लागेल आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये दाखवावा लागेल.

बँड_आणि_जेल

मिळालेले सगळे स्ट्रेन लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला टाका, दोन वेगळ्या डब्यांत. आणि त्यातला एखादा 'उपयोगी' निघाला, इंडोल ॲसेटिक ॲसिड (झाडाचे वाढीचे संप्रेरक) बनवतो किंवा स्फुरद विरघळवतो, म्हणून कुंडीतल्या रोपांवर फवारायला जाऊ नका. आधी तंबाखूच्या पानाची चाचणी: मिलिलिटरला दहा कोटी पेशींचे द्रावण सुई नसलेल्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने आत दाबा. २४ तासांत तो भाग कोलमडून वाळला तर तो झाडांचा रोगकारक असण्याची शक्यता आहे. माणसासाठीही बघावे लागते. क्लेबसिएला, बर्खोल्डेरिया सेपॅशिया गट, स्यूडोमोनास एरुजिनोसा हे पानांतही मिळतात आणि अशक्त रुग्णाला आजारी पाडू शकतात. ३७ अंशांवर जोमाने वाढणाऱ्या कुठल्याही स्ट्रेनकडे ओळख पटेपर्यंत त्याच नजरेने पाहा. प्लेट टाकताना ऑटोक्लेव्ह १२१ अंश, २० मिनिटे.

अन्नसुरक्षा_ठाणे

घरच्या प्रश्नाचे उत्तर राहिले.

पानातले बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात, आपण ते रोज खातो. काळजी आतड्यांतल्या रोगकारकांची, साल्मोनेला आणि विषकारी इ. कोलाय यांची. ते पानाचे कायमचे रहिवासी नव्हेत, पण आत शिरू शकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात लेट्यूसच्या पानांत साल्मोनेला उजेडात, पर्णरंध्रे उघडी असताना, आत जाताना दिसला. अंधारात ते फारच कमी झाले. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद कच्च्या पालकातून इ. कोलाय ओ१५७ ची साथ आली, सुमारे २०० जण आजारी पडले. २०११ ची जर्मनीतली साथ मेथीच्या मोडांशी जोडली गेली, तिथे आजारी ३,८०० हून अधिक आणि मृत्यू ५० च्या वर.

आत गेलेल्याला मीठ, व्हिनेगर, खायचा सोडा, काहीच लागत नाही, कारण ते तिथे पोचत नाहीत. बाहेरचे मात्र धुण्याने कमी होतात, म्हणून धुणे सोडू नका. वाहत्या पाण्याखाली पाने सुटी करून धुवा, माती-वाळू गेली की बरेच काम झाले. भरलेल्या पातेल्यात तासभर भिजत ठेवणे उलट वाईट, एका पानावरचे सगळ्या पानांना लागते. उन्हातून आणलेली गरम भाजी बर्फाच्या पाण्यात टाकू नका. पान थंड होताना आतली हवा आकसते आणि रंध्रांतून पाणी आत खेचले जाते. कारखान्यांत टोमॅटो धुताना पाणी फळापेक्षा पाचएक अंश गरम ठेवतात, कारण हेच.

शिजवल्यावर प्रश्न मिटतो. आतपर्यंत ७० अंश दोन मिनिटे पोचले की हे रोगकारक मरतात. पालकाची ताकभाजी, माठाची परतलेली भाजी, मेथीचे थालीपीठ यांत ते सहज होते. अळूवडी वाफवताना मात्र जाड उंडा मधोमध शिजला का बघा, सुरी घालून काढल्यावर ती कोरडी आणि चटका बसेल इतकी गरम हवी. जपायचे ते कच्चे: कोथिंबीर-पुदिन्याची चटणी, कच्च्या पालकाचा रस, कच्चे मोड, वरून भुरभुरलेली कोथिंबीर. चटणी लागेल तेवढीच वाटा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. वाटल्यावर पानांतला सगळा रस जीवाणूंना मोकळा मिळतो आणि मुंबईच्या दमट उकाड्यात ओट्यावर राहिलेल्या चटणीत ते झपाट्याने वाढतात. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर त्यांच्या पानात कच्चे मोड आणि कच्च्या पालेभाज्या वाढू नका. मोड उकळत्या पाण्यातून काढून वाढा.

सूक्ष्म_माटुंगा

आईला वाचून दाखवले. मेथीचे मोड आजपासून वाफवून. शून्य ते पाच मिनिटांची तुकडी सोमवारी लावते आहे, आधी पालक, मग अळू. सोबत ८० अंशांची तापवलेली जोडी आणि लाल रंगाचे देठ. सात दिवसांनी ठसे, पाणी आणि रस या तिन्हींचे आकडे इथेच टाकते.